गर्दीच्या सार्वजनिक रानात धनुष्यबाणाने हरणाची शिकार : कोणते दिवस निवडावेत?

प्रश्न : मी मूळचा नाशिकमधील इंदिरानगरचा. नोकरीनिमित्त अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइटपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. तेथे रीतसर परवाना काढून मी कंपाउंड (कप्प्या बसवलेल्या) धनुष्याने हरणाची शिकार करू लागलो आहे. स्वतःची जमीन नसल्यामुळे ‘स्टेट गेम एरिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, सर्वांना खुल्या असलेल्या सरकारी रानांतच जावे लागते. गेल्या हंगामात ऑक्टोबरमधला प्रत्येक शनिवार-रविवार रानात काढला, तरी हरणांपेक्षा माणसेच अधिक दिसली. यंदा पाच दिवसांची रजा मिळण्यासारखी आहे. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम, असे सगळेच सांगतात. पण त्यातच दिवाळी येते आणि घरचे नाराज होतात. रजा नेमकी केव्हा घ्यावी?

उत्तर : पाचही दिवस सलग घेऊ नका. तीन दिवस ४, ५ आणि ६ नोव्हेंबर २०२६ यांसाठी ठेवा, एक दिवस ऑक्टोबरच्या अखेरीस थंडीची लाट येईल तेव्हासाठी हाती राखा आणि एक डिसेंबरसाठी. यंदा लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे त्या दिवशी आपण घरीच असाल. त्यासाठी शिकारीच्या दृष्टीने काही गमवावे लागणार नाही. असे का म्हणतो, ते आता सविस्तर लिहितो.

मिशिगनमधील व्हाइटटेल हरणांचा माज, म्हणजे मिलनाचा काळ, दिवसाच्या लांबीशी बांधलेला असतो. दिवस लहान होऊ लागला की त्यांच्या शरीरातील संप्रेरके बदलतात. म्हणून त्या प्रदेशात माजाचा भर वर्षानुवर्षे नोव्हेंबरच्या मध्यालाच येतो. एखादे वर्ष उबदार गेले म्हणून तो पुढे ढकलला जात नाही. गर्भकाळ सुमारे २०० दिवसांचा असल्यामुळे त्या सुमारास गाभण राहिलेल्या माद्यांची पाडसे मेअखेरीस आणि जूनमध्ये, म्हणजे चारा मुबलक असताना, जन्माला येतात. एक मादी माजावर राहते ती जेमतेम एक ते दीड दिवस. त्या काळात नर तिच्याजवळून हलत नाही, दाट झाडीत तिला धरून राहतो, आणि म्हणूनच ऐन भराच्या दिवसांत रान अचानक ओस पडल्यासारखे वाटते. धनुष्य घेऊन बसणाऱ्याला खरा लाभ मिळतो तो या भराच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत. तेव्हा माजावर आलेल्या माद्या थोड्या असतात, नर मात्र सगळेच अस्वस्थ असतात, आणि ते माद्यांचा वास घेत भर दिवसाही मैलोगणती फिरतात. ऑक्टोबरची अखेर आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा हा तो काळ होय.

एवढे आपल्यालाही ठाऊक असेल आणि रानात येणाऱ्या प्रत्येकालाही ठाऊक असते. अडचण तिथेच सुरू होते. खासगी जमिनीवर हरणाचे पंचांग पाहून भागते. सार्वजनिक रानात मात्र माणसांचे पंचांग आधी मांडावे लागते, कारण तेथील हरीण आपले येणे-जाणे माणसांच्या येण्या-जाण्यावरून ठरवते. मिशिगनमध्ये धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि १४ नोव्हेंबरला थांबतो. १५ ते ३० नोव्हेंबर हा बंदुकीचा हंगाम असतो, आणि पुढे डिसेंबरमध्ये धनुष्याला पुन्हा वाव मिळतो. १ ऑक्टोबरच्या आसपास उत्साहाची पहिली लाट येते. २० ऑक्टोबरला राज्याच्या दक्षिण भागात फेझंट या कोंबडीवर्गीय पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि कुत्री घेऊन गवताळ पट्टे तुडवणारी माणसे त्याच रानांत उतरतात. आपण जिला हरणाची गवतातली विश्रांतीची जागा समजून बसलात, ती त्या दिवसापासून रिकामी झालेली असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्या प्रश्नात ऑक्टोबरचे सगळे शनिवार-रविवार रानात काढल्याचा उल्लेख आहे. त्या दिवसांत वाहनतळ भरलेले असतात, आणि सोमवारी हरीण अजूनही दाट झुडपांत, दलदलीच्या कडेला किंवा रस्त्यालगतच्या अशा एखाद्या चिंचोळ्या तुकड्यात दडलेले असते की जेथे माणूस थांबण्याचा विचारच करत नाही. मंगळवारनंतर ते हळूहळू सैल होते.

मग ३ नोव्हेंबरचा मंगळवार का वगळला? त्या दिवशी अमेरिकेत मतदान आहे आणि आपल्या भागातील वाहन कारखान्यांमधल्या अनेक संघटित कामगारांना त्या दिवशी सुट्टी असते. मतदान करून रानात जाणारे पुष्कळ असतात. २ तारखेचा सोमवार शनिवार-रविवारच्या गर्दीनंतरचा, ३ तारखेचा मंगळवार सुट्टीचा. म्हणून बुधवारपासून शुक्रवारपर्यंतचे तीन दिवस मी सुचवले. त्यानंतरचा आठवडाही हरणांच्या दृष्टीने चांगलाच असतो. रजा अधिक असती तर १० ते १२ नोव्हेंबर हे दिवसही मी सांगितले असते. १४ तारखेच्या शनिवारी मात्र जाऊ नये. दुसऱ्या दिवशी बंदुकीचा हंगाम उघडणार असल्यामुळे त्या शनिवारी माणसे तंबू ठोकायला, मचाणे पाहायला आणि वाटा ठरवायला रानभर हिंडत असतात.

घड्याळाचाही विचार करायला हवा. यंदा १ नोव्हेंबरच्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातील. त्याआधी मिशिगनच्या दक्षिण भागात सूर्योदय घड्याळात आठच्या सुमारास होतो आणि सूर्यास्त साडेसहाच्या आसपास. घड्याळे मागे गेल्यावर तोच सूर्योदय सातला आणि सूर्यास्त साडेपाचला येतो. हरणाला घड्याळ नसते, पण नोकरी करणाऱ्या शिकाऱ्याला असते. ऑक्टोबरअखेरपर्यंत कामावरून सुटून तास-दीड तास मचाणावर बसता येते. नोव्हेंबरमध्ये ते जवळपास अशक्य होते. त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटच्या दहा दिवसांत आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी रान माणसांनी काहीसे भरलेले असते आणि नोव्हेंबरच्या त्याच संध्याकाळी बरेचसे मोकळे. रजेचा दिवस नोव्हेंबरात अधिक मोलाचा ठरतो, यामागे माजाइतकेच हेही कारण आहे.

दिवसातली वेळ निवडताना बहुतेकांची सवय लक्षात घ्या. माणसे अंधारात येतात, सकाळी दहा-अकराला कंटाळून वा भुकेने उठतात, गाडीकडे परततात आणि दुपारी दोन-तीनला पुन्हा शिरतात. ही ये-जा रोजच्या त्याच पायवाटांनी होते आणि हरीण या वाटांपासून अंग चोरून सरकते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिदोरी आणि पाणी बरोबर नेऊन सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत हलू नये, असे मी आग्रहाने सांगेन. एक तर माजाच्या तोंडावरचा नर त्या वेळी खरोखर चालता असतो; शिवाय परतणारी माणसे नकळत हरणांना उठवत असतात, आणि उठलेले हरीण दाट झाडीच्या ज्या अरुंद पट्ट्यातून निसटते तेथे आपण आधीच बसलेले असलात तर इतरांची चाहूल आपल्याच कामी येते. वाहनतळापासून खूप दूर जाणे हा एक मार्ग आहे, पण तो एकमेव नाही. अडवणारा ओढा, दलदल किंवा काटेरी झाडी यांच्या पलीकडची जवळची जागा पुष्कळदा दूरच्या जागेपेक्षा शांत असते.

एकाच मचाणावर पुन्हा पुन्हा बसण्याचा मोह टाळा. एखाद्या जागी आपण पहिल्यांदा बसतो तेव्हा तेथील हरणांना आपली खबर नसते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपर्यंत आपला वास वाटेवर, खोडावर आणि पानांवर उतरलेला असतो. नोव्हेंबरच्या तीन दिवसांसाठी तीन वेगवेगळ्या जागा ठरवून ठेवा आणि ऑक्टोबरभर त्यांच्याकडे फिरकू नका. त्या शोधायच्या असतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, बर्फ वितळल्यावर आणि झाडांना पालवी फुटण्यापूर्वी. तेव्हा मागल्या हंगामात नरांनी शिंगे घासलेली खोडे आणि खुरांनी उकरलेली जमीन स्पष्ट दिसते, आणि आपल्या फिरण्याने बिथरलेल्या हरणाला पुढच्या शरदापर्यंत विसरायला वेळही मिळतो. यंदासाठी ती संधी गेली आहे. त्यामुळे सप्टेंबरमध्ये भर दुपारी, वाऱ्याची दिशा पाहून, प्रत्येक ठिकाणी एकदाच जाऊन या. पांढऱ्या ओकची फळे कोठे गळत आहेत तेही तेव्हाच पाहून ठेवा. लाल ओकच्या फळांपेक्षा त्यांत तुरटपणा कमी असल्यामुळे हरणे आधी त्यांच्याकडे वळतात.

डिसेंबरच्या दिवसाविषयी थोडक्यात सांगतो. बंदुकीच्या हंगामातून वाचलेली हरणे अतिशय सावध असतात, पण कडाक्याच्या थंडीत त्यांना खावेच लागते आणि रान माणसांपासून बरेचसे मोकळे झालेले असते. बर्फ पडून गेल्यानंतरची, पारा खाली गेलेली संध्याकाळ निवडा आणि चाऱ्याच्या जवळ बसा. मात्र त्या महिन्यात ठासणीच्या बंदुकांचाही हंगाम येतो. त्याच्या तारखा त्या वर्षीच्या सरकारी पुस्तिकेत पाहूनच दिवस ठरवावा. वर दिलेल्या इतर तारखाही निघण्यापूर्वी त्याच पुस्तिकेशी ताडून घ्याव्यात, कारण नियम बदलू शकतात.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सजवळ राहतात. जावई धनुष्याने शिकार करतात आणि ऑक्टोबरमध्ये मी त्यांच्याकडे जाणार आहे. कोजागिरीच्या आसपास हरणे रात्रभर चरतात म्हणून दिवसा दिसत नाहीत, असे त्यांचे मित्र म्हणतात. चंद्र, वारा, पाऊस यांचा विचार करून दिवस ठरवावा का? (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : चंद्रासाठी रजा बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गळ्यात जीपीएस पट्टे बांधून हरणांच्या हालचाली नोंदवल्या गेल्या आहेत, आणि त्यांतून पुन्हा पुन्हा दिसते ते हेच की हरीण सर्वाधिक हालते पहाटे आणि तिन्हीसांजेला, मग चंद्र कोणताही असो. यंदाची कोजागिरी २५ ऑक्टोबरच्या रात्री येते. त्यानंतरच्या आठवड्यात हरणे दिवसा अधिक दिसू लागली, तर ते जवळ आलेल्या माजामुळे असेल.

हवामानाला मात्र महत्त्व द्यावे. ऑक्टोबरमध्ये काही दिवस उबदार जाऊन एकाएकी पारा उतरतो, वारा उत्तरेकडे वळतो आणि आकाश निवळते, तेव्हा हरणांची हिवाळी लव अंगावर आलेली असल्यामुळे उकाड्यात दडून बसलेली जनावरे संध्याकाळी उजेड असतानाच बाहेर पडतात, असा शिकाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. आधीच्या उत्तरात ऑक्टोबरचा एक दिवस हाती राखण्यास सांगितले ते याचसाठी. संततधार संपल्यानंतरचा तासही चांगला, आणि ओल्या पानांवरून चालताना पावलांचा आवाज होत नाही हा त्याचा आणखी एक फायदा.

वाऱ्याचा प्रश्न दिवस ठरवण्याचा नसून जागा ठरवण्याचा आहे. ज्या दिवशी वारा आपल्याकडून हरणाच्या वाटेकडे वाहत असेल त्या दिवशी त्या मचाणावर जाऊच नये, मग रजा वाया गेली तरी चालेल. दुसऱ्या जागेवर बसावे. सकाळी ऊन चढू लागले की हवा उताराच्या बाजूने वर चढते आणि संध्याकाळी थंड होऊन खाली, ओहळांकडे उतरते. म्हणून सकाळी उंचावर आणि संध्याकाळी सखल भागात बसणारा, मुख्य वारा मंद असेल तर, बहुधा सुरक्षित राहतो. मिशिगनमध्ये रस्त्याकडेला मिल्कवीड नावाची वनस्पती सर्वत्र असते. ती आपल्या रुईच्याच कुळातली, आणि तिच्या बोंडांतूनही आपण लहानपणी पकडायचो तशाच म्हाताऱ्या उडतात. त्यातील एक-एक सोडत राहिल्यास हवेचा प्रवाह झाडांमधून कसा वळतो ते दूरपर्यंत दिसते. पुडीतल्या भुकटीने हे इतके स्पष्ट कळत नाही.

उबदार संध्याकाळींसंबंधी एक गंभीर गोष्ट जावयांच्या कानावर घालावी. धनुष्याने केलेला वार हृदय-फुप्फुसांवर बसला तर अर्ध्या तासाने माग काढायला निघता येते. यकृतावर लागला असेल तर काही तास आणि पोटावर लागला असेल तर आठ-दहा तास थांबावे लागते, कारण लगेच मागे गेल्यास जखमी जनावर उठून लांब पळते आणि सापडत नाही. थंडीच्या रात्री असे थांबणे शक्य असते. २० अंश सेल्सिअसच्या संध्याकाळी थांबले तर मांस खराब होते आणि न थांबले तर हरीण हरवते. सार्वजनिक रानात यात आणखी भर पडते ती इतरांच्या वावराची : पहाटे येणारा अनोळखी शिकारी आपल्या जखमी हरणाला नकळत उठवू शकतो. म्हणून उबदार दिवशी आणि शुक्रवारच्या संध्याकाळी, उजेड कमी होत असताना, नेम शंभर टक्के खात्रीचा नसेल तर प्रत्यंचा सोडू नये. कायद्याने सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत बाण सोडता येतो, म्हणून तो सोडलाच पाहिजे असे नाही. माझ्या मते वीस-पंचवीस मीटरच्या पलीकडचा नेम नवशिक्याने घेऊच नये.

आपण जावयांबरोबर रानात जाणार असाल तर मचाणावर चढण्याचा आग्रह धरू नका, आणि जे चढतील त्यांनी जमीन सोडल्यापासून परत पाय टेकेपर्यंत पूर्ण अंगाचा सुरक्षापट्टा बांधलेला असलाच पाहिजे. हरीण मिळाल्यास त्याची ऑनलाइन नोंद ७२ तासांच्या आत करणे मिशिगनमध्ये बंधनकारक आहे. २०१५ साली त्या राज्यातील मोकाट हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा जीवघेणा रोग प्रथम आढळला. ज्या भागांत तो आहे तेथील हरणाची तपासणी करून घेतल्यावरच मांस खावे.

प्रश्न : माझा मुलगा नाशिकमध्ये तिरंदाजीचा सराव करतो. अमेरिकेतील नातेवाइकांची छायाचित्रे पाहून तो येवल्याकडील काळविटांविषयी विचारू लागला आहे. आपल्याकडे असा परवाना मिळतो का? (नाशिक रोड)

उत्तर : मिळत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार भारतात वन्यप्राण्यांची हौसेखातर शिकार पूर्णतः बेकायदेशीर आहे. शस्त्र बंदूक आहे की धनुष्य, यामुळे काही फरक पडत नाही. केवळ ठार मारणे नव्हे, तर पाठलाग करणे, सापळा लावणे किंवा तसा प्रयत्न करणे हेही कायद्याच्या दृष्टीने शिकारच ठरते. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीसाठी तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. मिशिगनमध्ये हरणांची संख्या मोठी असून त्यातील किती मारता येतील याचे नियम राज्य ठरवते आणि परवान्यांच्या पैशातून वन्यजीवांचे व्यवस्थापन चालते. आपल्या माळरानांवरची स्थिती तशी नाही, आणि तेथील नियम येथे लागू करण्याचा विचारही मुलाच्या मनात येऊ देऊ नये.

त्याला काळवीट जरूर दाखवा. येवला तालुक्यातील ममदापूरच्या संवर्धन राखीव क्षेत्रात ते मोकळ्या माळावर दिसतात. काळवीट दिवसा वावरणारा प्राणी असला तरी वर्दळीला तोही कंटाळतो. त्यामुळे रविवार आणि सुट्ट्या सोडून आठवड्याच्या मधल्या दिवशी, सूर्योदयाच्या सुमारास पोहोचावे, वनखात्याच्या कर्मचाऱ्यांना आधी विचारून ठरलेल्या वाटेनेच जावे, आणि कळप मान वर करून आपल्याकडे पाहू लागला की तेथेच थांबावे. धनुष्य घरी ठेवून दुर्बीण बरोबर न्यावी.